मिठागरातला पत्रा आणि माझे साडू

प्रवासवर्णन लिहायचे तर माणसाने काश्मीरला जावे, निदान म्हैसूरला तरी. मी गेलो डोंबिवलीला, आणि तेही साडूकडे. ज्यांना साडू नाही त्यांना या प्रवासातली चढण कळायची नाही. बायकोच्या बहिणीचा नवरा हा जगातला एकच माणूस असा, की त्याच्याशी आपली तुलना करायची परवानगी आपल्या बायकोला लग्नातच मिळालेली असते. बाकी कोणी आपल्यापुढे गेला तर तो गेला. साडू पुढे गेला की रोज जेवताना ऐकावे लागते.

मी मिरजेला राहतो आणि कॉलेजात गणित शिकवतो. धाकटे साडू वसंतराव रेडिओचे इंजिनिअर. लढाईत ते रडारवर होते. रडार म्हणजे रेडिओची लाट फेकायची आणि ती विमानावर आपटून परत आली की विमान कुठे आहे ते ओळखायचे. त्या कामासाठी सरकारने त्यांना सहा महिने विलायतेलाही पाठवले होते. तिथून त्यांनी माझ्यासाठी एक पेन आणले. ते अजून उत्तम चालते, हे मला लिहावे लागते आहे, कारण हे मी त्याच पेनने लिहितो आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचे पत्र आले. रडारच्या एका कामात ते अडले होते. 'मला मोजता येतं, पण यात मॅट्रिक्सचं गणित लागतं आणि ते माझ्या आवाक्यातलं नाही. सुट्टीत अक्कांना घेऊन या. गणित तुमचं, मोजमाप माझं. लेख दोघांच्या नावानं विलायतेला पाठवू.' पत्र वाचून मी इतका खूश झालो, की मला माझीच लाज वाटली. पगार त्यांचा जास्त, घर त्यांचे स्वतःचे, परदेश त्यांनी पाहिलेला. पण गणितात मी वरचढ होतो, आणि हे आता त्यांच्याच अक्षरात लिहून आले होते. वीस वर्षे मी दुसऱ्यांची प्रमेये फळ्यावर लिहीत आलो. माझ्या नावाचे एक अक्षर कुठे छापलेले नव्हते. आता छापले जाणार होते, तेही साडूच्या नावाला लागून.

कल्याण

गाडीतला वेळ वगळतो. कल्याणला उतरलो तर वसंतराव फलाटावर हजर. अंगात पांढराशुभ्र बुशकोट, डोक्याला तेल, पोट अजून आत. माझ्याहून ते फक्त चार वर्षांनी लहान आहेत, हे कोणाला सांगून पटले नसते.

"या केशवराव. केव्हाचा उभा आहे मी, साडेपाचलाच आलेलो," असे म्हणून त्यांनी माझ्या हातातली ट्रंक घेतली. घेतली आणि थबकले. "यातून काहीतरी गळतंय हो."

ती काकवी होती. आमच्याकडे उसाचा मुलूख, म्हणून कमलने, म्हणजे माझ्या पत्नीने, वसंतरावांच्या अक्कांनी, धाकट्या बहिणीसाठी डबाभर काकवी घेतली होती. डबा कलंडला होता आणि काकवी माझ्या मॅट्रिक्सच्या इंग्रजी पुस्तकात शिरली होती. फलाटावर ट्रंक उघडून आम्ही पुस्तक बाहेर काढले. मधली पाने एकमेकांना अशी चिकटली होती, की आता ती चाटूनच सुटली असती.

"पुस्तक गेलं की हो," वसंतराव हळहळले.

"पुस्तक कशाला हवं? सगळं डोक्यात आहे," मी म्हणालो. हे वाक्य पुढे मला फार जड जाणार होते.

दुर्गाडीच्या बाजूला खाडीवर थोडे फिरून, हात धुऊन, आम्ही डोंबिवलीची गाडी धरली. खाडीचे पाणी गढूळ, काठाला वाळूची गलबते. आमच्या कृष्णेपुढे हे पाणी काहीच नाही, असे मी कमलला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो. कमलचे लक्ष वसंतरावांच्या बुशकोटाकडे होते. तो घरी धुतलेला वाटत नव्हता.

डोंबिवली

डोंबिवली म्हणजे शेतातून उगवलेले गाव. स्टेशनापासून थोडे चालले की भातखाचरे लागतात, मध्येच चार बंगल्या, एखादी चाळ, आणि पुन्हा खाचरे. मुंबईत कचेरीला जाणारी शिकलीसवरलेली माणसे इथे भराभर घरे बांधत आहेत. वसंतरावांनीही बांधले आहे. तीन खोल्या, पुढे ओटा, मागे स्वतःची विहीर, विजेचे दिवे, रेडिओ आणि छताला पंखा. पंखा मी बराच वेळ पाहत होतो. तो फिरताना थोडा करकरत होता, एवढेच काय ते समाधान.

पुढे खरे समाधान संध्याकाळी मिळाले. डोंबिवलीचे डास. असे डास मी उभ्या दक्षिण महाराष्ट्रात पाहिले नाहीत. दिवेलागणीला ते खाचरांतून उठतात आणि माणसाला ओट्यावरून आत घालवतात. "आमच्याकडे मच्छरदाणी लागतच नाही," असे मी त्या चार दिवसांत किती वेळा म्हणालो असेन कोण जाणे. शेवटी कमल म्हणाली, "पुरे आता. तुमच्याकडे पंखाही लागत नाही, ठाऊक आहे सगळ्यांना."

घरात वसंतरावांच्या आई होत्या, त्यांना सगळे माई म्हणत. मूळ रत्नागिरीकडच्या. जेवणात त्यांचाच कायदा. आम्ही घाटावरचे लोक भाकरी-आमटी पोटभर खाऊन मग भाताला हात घालतो. इथे भाताने सुरुवात, भाताने शेवट आणि मध्येही भातच. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी, ओले खोबरे सढळ हाताने, आणि आमरसाबरोबर सांदणे. सांदण हा फणसाच्या रसाचा इडलीसारखा प्रकार. मी सहा खाल्ली आणि सातव्याला, "आमच्याकडे असलं गोड जेवणात चालत नाही," असे म्हणालो.

"चालत नाही ते सहा गेली," माई म्हणाल्या, आणि सातवे वाढले.

जेवणानंतर वसंतरावांनी ओट्यावर काम समजावून सांगितले. रेडिओची लाट उभी असते किंवा आडवी असते, म्हणजे तिची थरथर वरखाली होते किंवा डावी-उजवी. तिसरी एक फिरती लाट असते, ती मळसूत्रासारखी पीळ घेत पुढे जाते. पीळ उजवाही असतो, डावाही. एखाद्या वस्तूवर उभी लाट टाकली की काय परत येते आणि आडवी टाकली की काय येते, हे चार आकड्यांत मावते. त्या चार आकड्यांचा चौकोन म्हणजे मॅट्रिक्स. इथून पुढचे मी सांगितले. बहुतेक लाटा त्या चौकोनात शिरल्या की वाकड्या होऊन बाहेर पडतात. पण प्रत्येक चौकोनाच्या दोन आवडत्या लाटा असतात. त्या जशा जातात तशाच बाहेर पडतात, फक्त काही पटीने कमीजास्त होऊन. ती पट म्हणजे आयगेन मूल्य. आयगेन हा जर्मन शब्द, त्याचा अर्थ स्वतःचा. ज्या वस्तूच्या स्वतःच्या लाटा आणि स्वतःचे आकडे कळले, ती वस्तू रडारला हवी तेव्हा ठळक दाखवता येईल आणि नको तेव्हा पुसून टाकता येईल.

"म्हणजे पाऊस पुसायचा आणि पावसातलं विमान ठेवायचं," वसंतराव म्हणाले. "बुधवारी दिल्लीचे साहेब बघायला येतायत. पटलं तर मला दोन वर्षं बाहेर पाठवतील."

दोन वर्षे. त्यांच्या विलायतेतल्या सहा महिन्यांनीच माझे पोट भरले नव्हते काय! मी म्हणालो, "काळजी करू नका. गणित माझ्याकडे लागलं."

ठाण्याची मिठागरे

ठाणे स्टेशनाच्या पूर्वेला रूळ ओलांडले की गाव संपते आणि मिठागरे सुरू होतात. मातीच्या बांधांनी आखलेले चौकोन, त्यांत खाडीचे पाणी, पाण्यावर कडक ऊन. पांढऱ्या मिठाचे ढीग इतके चकाकत होते, की डोळे बारीक करूनच चालावे लागे. आमच्याकडे मीठ दुकानात पुडीत मिळते. ते असे खोऱ्याने ओढून शेतासारखे पिकवतात, हे मी प्रथमच पाहिले. जमीन सपाट, झाड नाही, घर नाही. लाट फेकायला याहून मोकळी जागा मिळायची नाही, म्हणून वसंतरावांच्या खात्याने तिथे एक पत्र्याची खोली उभारली होती.

खोलीपुढे लाकडी घोड्यावर एक पितळी कर्णा. लाट तो फेकणार आणि परत आलेली तोच घेणार. पलीकडच्या बांधावर बांबूच्या चौकटीत सपाट पत्रा टांगला होता. परत आलेली लाट किती, ते खोलीतल्या घड्याळासारख्या यंत्रावरचा काटा दाखवी.

"सुरुवात साध्या पत्र्यानं करू," वसंतराव म्हणाले. "तुमचं गणित काय म्हणतं?"

पत्र्याचे गणित इतके सोपे होते, की मला ते सांगतानाही कमीपणा वाटला. पत्र्याची दोन्ही आयगेन मूल्ये सारखी. म्हणजे उभी, आडवी, फिरती, कसलीही लाट टाका, जशी गेली तशी पूर्ण परत. काटा तिन्ही वेळा टोकाला जाणार. मी ते कागदावर लिहून दिले आणि खाली सहीसुद्धा केली.

उभी लाट टाकली. काटा टोकाला. आडवी टाकली. टोकाला. वसंतरावांनी कर्ण्यात एक लहानशी पट्टी तिरकी बसवली, की लाट फिरती झाली. काटा पडला. पडला म्हणजे पार शून्यावर जाऊन बसला. पत्रा समोर उन्हात लखलखत होता आणि यंत्र म्हणत होते, तिथे काही नाही.

खरे सांगतो, मला आनंद झाला. लपवून उपयोग नव्हता, कारण तो चेहऱ्यावर आलाच असेल. माझ्या साडूंचे यंत्र बिघडले होते. विलायतेत शिकलेल्या माणसाचा, सरकारी खर्चाचा कर्णा साध्या पत्र्यापुढे चूक ठरला होता.

"कर्ण्यात दोष आहे," मी म्हणालो.

वसंतरावांनी माझ्या कागदाकडे पाहिले, काट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "गणितात काही राहिलं नसेल ना?"

"दोन ओळींचं गणित आहे, वसंतराव. यात राहायला जागाच नाही."

"मग कर्णाच असणार," ते म्हणाले. "उघडून बघतो."

शेजारच्या चौकोनात एक आगरी मीठवाला खोरे टेकून आमचा खेळ पाहत होता. त्याने विचारले, "काय दादूस, पत्रा काय बोलतंय?"

"पत्रा बरोबर बोलतोय," मी म्हणालो. "कर्णा बहिरा आहे." यावर तो खूप हसला. तिथून पुढे दिसलो की तो तेच विचारी.

ठाणे, रिकामे दिवस

दोन दिवस वसंतराव मिठागरात कर्णा खोलून बसले. मी मोकळा. मोकळा आणि प्रसन्न. सकाळी त्यांच्याबरोबर जाई, स्क्रू आणि नळ्या चटईवर मांडलेल्या पाही, "काही सापडलं?" असे विचारी, आणि ते मान हलवीत. मग मी ठाणे पाहायला निघे.

ठाण्याचे तळे मला आवडले. मिरजेचे तळे मोठे आहे असे मी म्हणणार होतो, पण बरोबर कमल नव्हती, त्यामुळे कोणाला सांगायचे? काठावर बसून शेंगदाणे खाल्ले. इथले शेंगदाणे खारवलेले. आमच्याकडे नुसते भाजतात. जांभळी नाक्यावर ताडगोळे घेतले. विकणारी बाई सोलून देत होती आणि रस माझ्या कोपरापर्यंत ओघळत होता. मनात मी लेख लिहीत होतो. मोजमापाचा भाग गाळावा लागला तर बिचाऱ्या वसंतरावांचे नाव तळटीपेत घालता येईल, इथवर मी पोहोचलो होतो.

रात्री जेवताना मालतीने, म्हणजे माझ्या मेहुणीने, नवऱ्याला विचारले, "लागला का हो दोष?"

"बघतोय," ते म्हणाले. "केशवरावांचं गणित पक्कं आहे, तेव्हा दोष माझ्याकडेच असला पाहिजे."

कमलने माझ्याकडे पाहिले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण तिने माझ्याकडे तसे अभिमानाने पाहिलेले मला आठवत नाही. त्या नजरेसाठी मी आणखी आठ दिवस तो कर्णा खोललेला राहू दिला असता.

टिटवाळा

मंगळवारी अंगारकी होती. घरातल्या सगळ्यांना उपास, आणि माईंचा टिटवाळ्याच्या गणपतीचा नेम. वसंतराव म्हणाले, "तुम्ही जा सगळे. उद्या साहेब येणार, मला जमणार नाही." तेव्हा मी, कमल, मालती आणि माई असे निघालो.

टिटवाळा लहानसे खेडे. एरवी चार घरे आणि देऊळ, पण अंगारकीला आसपासचा सारा मुलूख लोटतो. रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसलेल्या. आमच्या डोंगरची करवंदे याहून गोड, हे मी सांगितले. कोणी ऐकले नाही. दर्शन झाले. बाहेर आलो तर माझ्या नव्या कोल्हापुरी वहाणा नव्हत्या. त्या जागी कोणाच्या तरी जुन्या, दोन बोटे आखूड चपला होत्या. मी त्या घातल्या. मग टाचा बाहेर ठेवून बाजारात हिंडलो.

तळ्याच्या अंगाला पाळणा होता. चार लाकडी पेट्यांचा, दोन माणसे हातांनी फिरवणारी. माईंना पाळण्याची भारी हौस. सत्तरीच्या बाई, उपासाच्या दिवशी, पण दर जत्रेला त्या एक फेरा घेतातच, असे मालतीने सांगितले. आम्ही पाळण्यापुढे उभे राहिलो. माई पैसे हातात घेऊन पुढे झाल्या, आणि थांबल्या.

"हा उलटा फिरतोय. मी नाही बसायची."

"उलटा कसा, माई?"

"डोळे नाहीत का तुला? प्रदक्षिणा अशी जाते," त्यांनी हाताने उजवा फेरा दाखवला, "आणि हा मेला उलटा जातोय. चतुर्थीच्या दिवशी उलटं फिरायचं?"

पाळणेवाला म्हणाला, "आजी, सकाळपास्नं समदे ह्याच्यातच बसलेत."

"बसू देत. मी नाही."

मालतीने त्यांचा हात धरला. घरच्या सुनेला हे नवे नसावे. "माई, पलीकडच्या बाजूनं बसू चला." आणि त्यांना तळ्याच्या बाजूला, पाळण्याच्या मागे घेऊन गेली. पाळणा थांबला नव्हता. त्याच दिशेने तीच दोन माणसे तो फिरवत होती. माईंनी पलीकडून पाहिले.

"हां, इथनं सुलटा आहे," त्या म्हणाल्या, आणि पाळणा थांबताच खुशाल जाऊन बसल्या.

कमल हसत होती. मी हसलो नाही.

पाळणा बदलला नव्हता. पाहणारा दुसऱ्या बाजूला गेला होता. पत्र्यावर आपटलेली फिरती लाटसुद्धा बदलत नाही, पण ती उलट तोंड करून परत निघते. जाताना मागून पाहणाऱ्याला तिचा पीळ उजवा दिसतो, तर तीच परत येताना, तिच्या चालीच्या बाजूने पाहिले तर, डाव्या पिळाची होते. उजवा पीळ फेकणारा कर्णा उजवाच पीळ घेतो. डावा त्याला ऐकूच येत नाही. म्हणून काटा शून्यावर. कर्णा ठणठणीत होता. चूक माझ्या दोन ओळींत होती. माझ्या पुस्तकातल्या चौकोनात लाट एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. तिला कोणी परत येताना पाहत नाही. रडारमध्ये सगळी गोष्टच परत येण्याची आहे. आवडती लाट शोधताना परत येणाऱ्या लाटेच्या काल्पनिक भागाचे, म्हणजे तिचा पीळ सांगणाऱ्या आकड्याचे, चिन्ह उलटवून मगच बरोबरीचे चिन्ह मांडायला हवे होते. एवढे केले की डाव्याचा उजवा होतो आणि सगळे जुळते.

पहिला विचार काय आला सांगू? वसंतरावांना बिचाऱ्यांना उगाच दोन दिवस राबवले, हा नव्हे. पहिला विचार असा, की हे आता त्यांना सापडले तर? ते तिकडे एकटे बसले आहेत, डोके शाबूत आहे, समोर काटा आहे. त्यांना सापडले तर गणितही त्यांचे आणि मोजमापही त्यांचे. मग मी कोण? काकवी आणणारा.

"मला ठाण्याला जायचंय. आत्ता," मी कमलला म्हणालो.

"अहो, पण माई अजून वर आहेत."

माई खरोखरच वर होत्या, सर्वांत वरच्या पेटीत, हात जोडून. मी आखूड चपलांनी स्टेशनाकडे पळालो.

पुन्हा मिठागरे

पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. वसंतराव खोलीच्या सावलीत स्टुलावर बसून चहा पीत होते. कर्णा घोड्यावर होता.

"जोडलात?" मी धापा टाकत विचारले. "काही सापडलं?"

"छे. वाऱ्यानं मीठ आत जातं, म्हणून जोडून ठेवलेला. तुम्ही एका पायानं अनवाणी काय?"

एक चप्पल बांधावर चिखलात रुतली होती, ते मला तेव्हा कळले. मी त्यांचा हात धरून त्यांना मिठाच्या ढिगाशी नेले आणि ढिगावर बोटाने काढून दाखवले. पाळणा काढला, माई अलीकडे, माई पलीकडे. मग लाट, मग चिन्ह. वसंतराव ऐकत राहिले. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"खरंच की हो, केशवराव. मला हे सुचायला हवं होतं."

"तुमचा दोष नाही," मी उदारपणे म्हणालो. "हा गणिताचा भाग आहे."

मग आम्ही कामाला लागलो. अंधार पडायच्या आत पत्र्याच्या जागी टांगलेल्या एका वाकड्या लोखंडी चौकटीचे चार आकडे त्यांनी मोजले आणि मी नव्या रीतीने तिची स्वतःची लाट काढली. अमुक इतका तिरपेपणा, अमुक इतका पीळ. वसंतरावांनी पट्टी तशी बसवली. काटा टोकाला गेला. मग चौकट पुसून टाकणारी लाट काढून दिली, तर काटा हळूहळू खाली येऊन शून्यावर टेकला. ती चौकट पलीकडे दिसत असताना नाहीशी झाली, आणि ती मी नाहीशी केली होती. मला इतके गहिवरून आले, की मी साडूंना मिठी मारली.

"काय दादूस, पत्रा काय बोलतंय?" मीठवाल्याने लांबून विचारले.

"बोलतोय, बोलतोय," वसंतराव म्हणाले.

बुधवारी साहेब आले. दोघे होते, टोप्या घातलेले, घामेजलेले. पत्रा आणि तारेचे वेटोळे शेजारी टांगले होते. वसंतरावांनी पत्रा पुसला आणि वेटोळे ठेवले, मग वेटोळे पुसले आणि पत्रा ठेवला. साहेबांनी ते पुन्हा पुन्हा करायला लावले. शेवटी वसंतरावांनी मला पुढे ओढले. "यातलं गणित माझ्या साडूंचं. परतीच्या लाटेची दुरुस्ती यांनीच काढली." साहेबांनी माझा हात हातात घेतला. माझ्या पायात वसंतरावांच्या चपला होत्या. त्या मला अगदी बरोबर बसत होत्या.

निरोप

गुरुवारी सामान बांधताना मालती आमच्या खोलीत आली. काकवीच्या रिकाम्या डब्यात तिने माईंची फणसपोळी भरून आणली होती. कमल विहिरीवर गेली होती.

"भावोजी, बरं झालं बाई तुम्हाला सापडलं," ती डब्याचे झाकण दाबत म्हणाली. "इकडे चार दिवस नुसती घालमेल. मला म्हणायचे, मंगळवारपर्यंत सापडलं नाही तर काय करू?"

"कोणाला काय सापडलं नाही तर?"

"तुम्हाला. ते चिन्ह." तिला वाटले मला सगळे ठाऊक आहे. "पहिल्याच रात्री म्हणाले, केशवरावांचं परतीचं चिन्ह राहिलंय. लढाईत असाच पाऊस पुसायचो आम्ही, फिरत्या लाटेनं, त्यामुळे काटा पडणार हे माहीतच होतं. पण म्हणाले, लेखावर नाव जायचंय तर त्यांचं त्यांनाच सापडू दे. मी सांगितलं तर ते नाव घालू देणार नाहीत."

मी फणसपोळीच्या डब्याला दोरी बांधत होतो. बांधत राहिलो.

"म्हणजे कर्णा..."

"कर्ण्याला काय होणार? उघडायचे आणि परत जोडायचे. मी म्हटलं, उन्हात कशाला बसता, सांगून टाका. तर म्हणाले, अक्कांसमोर?"

कल्याणला पोहोचवायला वसंतराव आले. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे होते. मी त्यांच्याकडे नीट पाहिले. बुशकोट तसाच पांढरा. मानेवर मात्र उन्हाने कातडी सोलली होती. मिठागरातले ऊन खालूनही लागते.

मिरज

त्यांच्या पगाराचा हेवा मला पेलत होता. घराचा, विहिरीचा, परदेशाचा पेलत होता. असल्या गोष्टी नशिबाच्या असतात, असे म्हणून रात्री झोप येई. हा हेवा मात्र झोपू देईना. माझ्या जागी ते असते आणि त्यांच्या जागी मी, तर मी काय केले असते, हे मला पक्के ठाऊक होते. पहिल्यांदा काटा पडला तेव्हाच सांगितले असते, आणि कमल जवळ असताना सांगितले असते.

पावसाळा सुरू झाल्यावर लेखाचा कच्चा मसुदा आला. माझे नाव पहिले, त्यांचे दुसरे. मी तो मसुदा वाचला तो एकाच हेतूने: मला त्यांची चूक हवी होती. एक चूक मिळाली की आपणही ती न सांगता त्यांना सापडू द्यायची. मग फिटले. पान पान, आकडा आकडा तपासला. कमल म्हणाली, एवढं काय वाचताय, डोळे जातील.

आणि सापडली. तिसऱ्या पानावर. लोखंडी चौकटीचा तिरपेपणा सगळीकडे उभ्या रेषेपासून मोजलेला, आणि तिथे एका ठिकाणी आडव्या रेषेपासून. मी उठून खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग विलायती पेन घेतले आणि चार ओळी लिहिल्या: लेख उत्तम झाला आहे, फक्त तिसऱ्या पानावरून सवडीने पुन्हा एकदा नजर फिरवा. चूक काय ते लिहिले नाही. हात लिहायला शिवशिवत होता, पण नाही लिहिले. पाकीट पेटीत टाकून घरी आलो तेव्हा पहिल्यांदा मी मला साडूच्या बरोबरीचा वाटलो.

त्यांचे उत्तर लगेच आले. 'तुम्ही म्हणालात म्हणून पाहिलं, तर कोन चुकलेला! तुमच्यामुळे लाज राहिली.' कमलने ते मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे पुन्हा तसेच पाहिले, टिटवाळ्याच्या आदल्या रात्री पाहिले होते तसे. मी ते पत्र कपाटात ठेवले. त्या रात्री अगदी शांत झोप लागली.

सकाळी दाढी करताना वस्तरा गालावरच थांबला. हा माणूस पंधरा वर्षे कोन मोजतो आहे. अंधारात, पावसात, विमाने अंगावर येत असताना त्याने कोन मोजले आहेत. सगळ्या लेखात त्याचा एकही आकडा चुकलेला नाही, आणि चुकला तो नेमका एकच, नेमका माझ्या नजरेला पडेल असा.

विचारायची सोय नाही. विचारले तर ते हसून 'छे हो' म्हणतील, आणि ते अगदी खरे वाटेल.